आधी आडोसा, मग पाणी

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला आणि विषय निघाला, "पुढच्या वेळी चालायला कुठं जायचं?" लगेच आमच्या काकू म्हणाल्या, "कुठंही जा, पण वहीत पहिली ओळ ती लिहा!" सगळ्या हसल्या. नव्यानं गटात आलेली सूनबाई मात्र गोंधळून बघत राहिली. तिला सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते, कारण ही गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी मार्चअखेरची गोष्ट. आमच्या कोकणात बाईला मोकळा दिवस कधी मिळतो? पावसात लावणी, मग गणपती, मग कापणी, मग लग्नसराई. शिमग्याला चाकरमानी येतात, ते गेले की आंब्याची गडबड सुरू होते. शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या आणि आंब्याच्या पेट्या भरायला अजून अवकाश आहे, अशी आठ-दहा दिवसांची जी फट मिळते, तीच आमची सुट्टी. चालायला थंडीचे दिवस उत्तम, हे कळतं हो! पण आपला दिवस आपल्या हातात कुठं असतो?

तर आम्ही चौदाजणींनी ठरवलं, की गुहागरहून चालत अंजनवेलला जायचं. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. तिथं गोपाळगड बघायचा, पुढं टाळकेश्वराचं दर्शन घ्यायचं, दीपगृह बघायचं आणि संध्याकाळी गाडीनं परत यायचं. अंजनवेल म्हटलं की बाहेरच्या लोकांना अजून एन्‍रॉनच आठवतं. पुढं २००५ पासून ती वीज कंपनी रत्नागिरी गॅसच्या नावानं ओळखली जाऊ लागली. पण त्या कंपनीच्या कितीतरी आधीपासून हे बंदराचं गाव आहे. वाशिष्ठी नदी इथं समुद्राला मिळते, समोर दाभोळ दिसतं आणि खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला उंचावर गोपाळगड उभा आहे. विजापूरकर, शिवाजी महाराज, सिद्दी असे धनी बघून झाल्यावर १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी तो घेतला आणि गोपाळगड हे नाव दिलं, असं सांगतात. इतकी वर्षं तालुक्यात राहून आमच्यातल्या नऊजणींनी तो बघितला नव्हता!

मी तयारीला लागले. एकसारख्या टोप्या आणल्या. फलक रंगवून घेतला. खायचं कोण काय आणणार त्याची यादी केली. चिवडा, थालीपीठ, गूळपोळी, घावन, खोबऱ्याच्या वड्या... यादी वाचून यजमान म्हणाले, "चालायला चाललात की मंगळागौरीला?" मी फुशारून गेले होते. मला वाटलं, किती छान नियोजन केलंय!

निघायचं ठरलं होतं साडेसहाला, निघालो साडेआठला. कुणाच्या घरचं पाणी आलं नव्हतं, कुणाची भाकरी व्हायची होती. मग नारळ फोडला, फोटो काढले. रानवीच्या पुढं गेलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गड बघून टाळकेश्वरच्या वाटेला लागलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. कोकणातला सडा ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, झुडूप नाही, नुसता कातळ. वरून ऊन मारतं आणि खालून तव्यासारखी धग येते.

तिथं आमच्या एक वहिनी बसल्या. "जरा पाय आखडलेत" म्हणाल्या. पाठोपाठ उलटी झाली आणि त्या आडव्याच झाल्या. अंग घामानं थबथबलेलं, हात गार, चेहरा पांढराफटक. आम्ही काय केलं असेल? तेराजणी त्यांच्याभोवती गोल करून उभ्या राहिलो! एक म्हणते कांदा हुंगवा, दुसरी म्हणते चहा द्या, तिसरी रडायलाच लागली. माझं तर डोकंच चालेना.

तेवढ्यात गावातल्या एक मावशी डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसल्या. त्यांनी हंडा उतरवला आणि आम्हाला एक सणसणीत आवाज दिला, "हलां बाजूला सगळ्याजणी! वारा येऊ दे तिला!" चौघींना त्यांनी साडी धरून सावली करायला लावली. वहिनींच्या निऱ्या सैल केल्या, ब्लाऊजचे हूक काढले, पाय आमच्या पिशव्यांवर उंच ठेवले. अर्धा हंडा अंगावर ओतला आणि टोपीनं वारा घालायला सांगितलं. लांबून आणलेलं ते पाणी, पण त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. वहिनींनी डोळे उघडले, नीट बोलायला लागल्या, तेव्हा घोटघोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. मग त्यांना त्यांनी हळूच विचारलं,

"सकाळपासनं लघवीला गेलीस का गो?"

वहिनींनी मान हलवली. नाही. मावशींनी आमच्याकडं बघितलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं. चौदाजणींपैकी एकही गेलेली नव्हती! कारण जाणार कुठं? सगळा हमरस्ता, पुढं कंपनीची लांबच लांब हद्द, पुढं उघडा सडा. आणि जायला लागू नये म्हणून घरातून निघाल्यापासून प्रत्येकीनं पाण्याचा घोट मोजूनमापून घेतला होता. बाटल्या भरलेल्याच होत्या. पाणी होतं, पण प्यायला कुणी तयार नव्हतं.

वहिनींना नंतर रिक्षानं दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, संध्याकाळी त्या घरी आल्या. "थोडक्यात निभावलं" असं डॉक्टर म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. वड्यांची यादी केली होती, आडोशाची केली नव्हती. माझ्या यादीत ही गोष्टच नव्हती आणि मीही बाईच आहे!

आपल्याकडं कुठं ऊन?

आमच्याकडं एक गैरसमज असतो. ऊन म्हणजे नागपूर-चंद्रपूरचं, ४५ अंशांचं. आपल्याकडं समुद्र आहे, आपल्याला काय होतंय? पण हवामान खातंसुद्धा सगळीकडं एकच माप लावत नाही. उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात किमान ४० अंश धरतात, तर किनारपट्टीला ३७ अंशच धरतात. कारण अंग थंड होतं ते घाम आल्यामुळं नव्हे, तर घाम वाळल्यामुळं. आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. दोरीवरची साडी पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही ना, तसंच. घाम नुसता निथळतो, अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि आतली उष्णता आतच राहते. त्यातून मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचा गरम वारा वाहतो आणि समुद्रावरचा खारा वारा यायला उशीर होतो. असे दिवस आपल्याकडं सगळ्यांत वाईट.

१६ एप्रिल २०२३ ची खारघरची घटना आठवते ना? महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. उष्माघातानं १४ जण गेले, त्यांत बहुतेक बायका. तापमान किती होतं? ३८ अंशांच्या आसपास. गेलेल्यांपैकी अनेकांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हतं, असंही तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. त्यातल्या किती जणींनी आमच्यासारखं पाणी टाळलं असेल, कोण जाणे. पण ती बातमी आठवली की मला सड्यावरच्या वहिनी दिसतात.

चालण्याची सुरुवात चुलीपासून

यंदा आम्ही पुन्हा जायचं ठरवलं. तोच रस्ता, तोच गड, त्याच चौदाजणी. वहिनी म्हणाल्या, "मी नाही आले तर ती भीती जन्मभर राहील." मात्र या वेळी महिनाभर आधी वही घेऊन बसलो. वहीत पहिली ओळ लिहिली : आडोसा. मग पाणी, मग वेळ, मग बाकी सगळं.

सगळ्यांत आधी लक्षात आलं, की गेल्या वर्षी वहिनी पहाटे साडेतीनला उठल्या होत्या. घरच्या सहा माणसांचा नाश्ता, जेवण, पाणी भरणं, सगळं उरकून निघाल्या. तीन तास चुलीच्या धगीसमोर! स्वतःच्या पोटात फक्त कपभर चहा. म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकायच्या आधीच अंग तापलेलं आणि थकलेलं. म्हणून पहिला नियम केला. चालण्याच्या दिवशी सकाळी कुणी घरचा स्वयंपाक करायचा नाही. त्यासाठी मी चार घरी स्वतः जाऊन बोलले. एका सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नातवानं सांगितलं, "आजी, मी करतो पोहे." प्रश्न मिटला! आदल्या रात्री लवकर झोप आणि निघताना उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज. आपल्या आज्या शेतावर जाताना पेज पिऊन जायच्या, त्या काही वेड्या नव्हत्या. पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही एका वाडग्यात.

दुसरं म्हणजे सवय. एकदम उन्हात चालायला गेलं की अंग गडबडतं. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पंधरा दिवस रोज थोडं थोडं चाललो, पहिल्यांदा अर्धा तास, मग वाढवत दीड तास. नव्या चपला, नवे बूट त्या पंधरा दिवसांतच वापरून घेतले.

आडोशाची यादी

आम्ही तिघी आधी एक दिवस गाडीनं तो रस्ता बघून आलो. साधारण तासाभराच्या चालीवर एक अशी ठिकाणं शोधली. ओळखीचं घर, माहेरचं कुणी, शाळा, देऊळ, जिथं संडास-बाथरूम आहे आणि आम्हाला वापरू देतील. आधी विचारून ठेवलं. खरं सांगते, एकाही बाईनं नाही म्हटलं नाही. उलट "चहा घेऊनच जा" म्हणाल्या. जिथं घर नव्हतं तिथं साडीचा आडोसा, चौघींनी धरायचा. हात धुवायला पाणी, साबणाचा तुकडा आणि पाळी आलेलीसाठी पॅड, कागद आणि वेगळी पिशवी एका पिशवीत ठेवली. पाळी आली म्हणून कुणी घरी बसायचं नाही असं ठरलं. मात्र त्रास होत असेल तर तसं मोकळेपणानं सांगायचं.

आणि एक नियम केला, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. थांब्यावर सगळ्यांनीच जायचं, लागली असो वा नसो. एकटीनं "मला जायचंय" म्हणायला लाजायला होतं. सगळ्याच निघाल्या की लाज उरत नाही. स्पष्टच लिहिते, माफ करा. लघवीचा रंग फिकट असला तर ठीक. गडद पिवळा असला किंवा तीन-चार तासांत लागलीच नाही, तर पाणी कमी पडतंय. तुंबवून धरल्यानं आणि पाणी टाळल्यानं उन्हाळी लागते ती वेगळीच.

पाण्याचा हिशोब

चालताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहानेची वाट न बघता. म्हणजे तासाला साधारण तीन पेले. चार तासांच्या चालीला एकीला अडीच लिटर झालं. चौदाजणींचं पस्तीस लिटर! एवढं कोण वाहणार? म्हणून प्रत्येकीजवळ लिटरची एक बाटली आणि वाटेतल्या दोन घरी आदल्या दिवशीच एकेक वीस लिटरचा जार ठेवून दिला. गडावर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका.

मात्र नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. घामावाटे मीठ जातं, ते भरून नाही निघालं तर चक्कर, गोळे आणि गोंधळल्यासारखं होतं. तासाला दीड लिटरच्या वर पाणी पिऊ नये. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवावी, अर्धी पुडी पेल्यात असं करू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपलं कोकम सरबत, पन्हं उत्तम, पण मीठ विसरू नका. शहाळ्यात मीठ कमी असतं, म्हणून त्याच्याबरोबर खारे शेंगदाणे किंवा लोणच्याची फोड चघळावी. उपास किंवा रोजा असेल तर तो दिवस चालायचा नाहीच, तारीख बदलायची.

बीपी, साखर, हृदयाची गोळी चालू असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. आमच्या वहिनींची तशीच गोळी होती, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. पण म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही हं.

दिवस दोन तुकड्यांत

शेतकरी काय करतो? उजाडताना शेतावर जातो, ऊन चढलं की घरी येतो, दुपार गाळतो आणि उन्हं उतरली की पुन्हा जातो. आम्ही तेच केलं. पहाटे साडेपाचला निघालो, हातात बॅटरी घेऊन. ठरलं होतं, की साडेदहाला जिथं असू तिथून सावली गाठायची. गड राहिला तर राहिला. आणि चार वाजेपर्यंत पुन्हा उन्हात पाऊल टाकायचं नाही.

प्रत्येकीला एक जोडीदारीण दिली. ऊन लागतंय हे जिला लागतंय तिला कळतच नाही, दुसरीला कळतं. चिडचिड, अडखळणं, असंबद्ध बोलणं, चालता चालता एकदम गप्प होणं, ही लक्षणं जोडीदारणीनं ओळखायची. चक्कर, मळमळ, गोळे आले तर सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, पाणी मारायचं, वारा घालायचा, शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. पण बोलणं बरळल्यासारखं झालं, शुद्ध हरपली, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. मग घाम येत असो वा नसो, लगेच १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं. मान, काखा, जांघा ओल्या फडक्यानं गार करायच्या. बेशुद्ध बाईच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही, ती इथं उपयोगाची नाही. गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि मोबाइलची रेंज कुठं जाते, हेही पाहणीच्या दिवशीच बघून ठेवलं होतं.

साडेनऊला आम्ही गोपाळगडाच्या खंदकापाशी होतो. गड निवांत फिरलो, बुरुजावरून खाडी बघितली, पलीकडचं दाभोळ बघितलं. सव्वादहा झाले तरी वारा पडलेलाच होता. तरुण मुली म्हणायला लागल्या, "टाळकेश्वर आहे कितीसं? आताच उरकून टाकू ना!" खरं सांगू, मलाही मोह झाला. पण एकसष्ट वर्षांच्या काकू वही काढून उभ्या राहिल्या. "इथं काय लिहिलंय वाच." मुकाट्यानं खाली उतरलो.

दुपार कुठं गाळली असेल? त्याच मावशींच्या पडवीत. आधीच सांगून ठेवलं होतं. सारवलेली जमीन, मागं आगर, माडांची सावली. भात, कुळथाचं पिठलं, कोकमाचं सार. काहीजणी झोपल्या, काहीजणींनी गाणी म्हटली. एकजण म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली, दुपारी अशी कुणाच्या पडवीत पाय पसरून मी पहिल्यांदाच पडलेय." यावर कुणी काही बोललं नाही.

साडेचारला खारा वारा सुटला होता. टाळकेश्वराचं दर्शन घेतलं, दीपगृह बघितलं. त्याच्या वेळेची चौकशी आधीच केली होती. वहिनी सड्यावर त्या जागी आल्या, क्षणभर थांबल्या, बाटली उघडून दोन घोट प्यायल्या आणि पुढं चालू लागल्या.

मैत्रिणींनो, गड असो, पालखी असो, वारी असो की शेजारच्या गावची यात्रा, उन्हातून जायचं तर पाण्याच्या बाटल्या सगळेच मोजतात. ते पाणी बायका पितील का, हे कुणी विचारत नाही. तुमच्या गावात कुणी असं काही ठरवत असेल, तर बैठकीत उठून तुम्ही विचारा, "आम्ही जायचं कुठं?" दोन मिनिटं शांतता होईल. होऊ दे. गेल्या वर्षी ती शांतता सड्यावर झाली होती, बैठकीत झालेली बरी!

उन्हात चालायला जाताना, प्रत्येकीच्या पिशवीत
* लिटरची भरलेली बाटली, ओआरएसच्या दोन पुड्या
* खारे शेंगदाणे, गुळाचा खडा, लोणच्याची फोड
* सैल, सुती, फिक्या रंगाचे लांब बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, मानेवर टाकायला ओला पंचा
* सवयीचे बूट, सुती मोजे (कातळावर पातळ चप्पल नको)
* चालू असलेल्या गोळ्या, त्यांची नावं आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी
* गटात मिळून : आडोशासाठी दोन जुन्या साड्या, शिट्टी, साबण, पॅड, कागद